रंगाचा विसार परत घ्या

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून): परभणी जिल्ह्यातील आणि सध्या वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारे एकतीस वर्षांचे वाचक लिहितात, ‘माझे वडील शेंद्र्याला ठेकेदाराकडे गाड्यांच्या यार्डात कामाला होते. शाळेत असताना त्यांनी मला लांबून एक पिवळी ऑक्टाव्हिया आरएस दाखवली होती, ती तेव्हापासून डोक्यातून गेली नाही. गेल्या वर्षी जालन्याजवळ शेतातल्या एका आखाड्यावर तशीच एक गाडी सात वर्षांपासून पत्र्याखाली पडलेली आढळली. अंगावर सोयाबीनची पोती, भोवती पऱ्हाट्या रचलेल्या. मूळ मालक वारले आहेत. त्यांच्या पुतण्याने १,४०,००० रुपयांत दिली आणि पाचशेच्या बॉन्डवर लिहून दिले. नोंदणी २००६ ची आहे. टोचन, बॅटरी, सीट कव्हर, दिवे, मिस्त्रीची मजुरी आणि रंगाचा १०,००० रुपये विसार धरून आणखी ६५,००० रुपये गेले. त्यासाठी पतसंस्थेचे एक लाखाचे कर्ज काढले. पत्नीला गाडी ८०,००० ची असल्याचे सांगितले आहे. मिस्त्रीने गाडी सुरू केली तेव्हा दोन मिनिटे टिकटिक आवाज आला, तेलाचा लाल दिवा लागला, म्हणून बंद केली. तो म्हणतो, इंजिन पूर्ण उघडावे लागेल, दीड लाख लागतील, नाहीतर भंगारातले डिझेल इंजिन बसवू. वडील म्हणतात, जालन्याच्या पोलाद भट्टीत घाल. पत्नीला सातवा महिना आहे आणि बाळाला याच गाडीतून घरी आणायचे, असे मी मनाशी ठरवले आहे. सुटे भाग मिळणार नाहीत अशी भीती वाटते, गावात लोकही हसतात. पण आता इतका खर्च झाल्यावर माघार घेता येत नाही. आधी रंग करावा की इंजिन?’

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा गाडीसाठी आणि दुसऱ्यांदा त्यात तुम्ही जे ओझरते लिहून पुढे गेलात त्यासाठी. मी बरीच वर्षे तंत्रनिकेतनात मोटार विभागात शिकवले आहे, त्यामुळे अशा गाडीची ओढ काय असते हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली आणि त्या काळात औरंगाबादच्या रस्त्यावर ती दिसली की मुले वळून पाहत. त्यातली आरएस म्हणजे तर १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती आणि पाच गिअर. चार दारांची असली तरी मनाने ती स्पोर्ट्स कारच होती. तुमची निवड चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या गृहीतकांवर तुम्ही पुढचा खर्च करायला निघाला आहात, ती एकेक करून तपासावी लागतील.

पहिले गृहीतक असे की गाडी स्वस्तात मिळाली. सात वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची किंमत विक्रेता मागतो ती नसते; तिच्यातील प्रत्येक रबर, प्रत्येक द्रव आणि प्रत्येक वायर पुन्हा विश्वासाला पात्र करण्यासाठी लागतो तो खर्च तिच्यात मिळवल्यावरच खरा आकडा हाती येतो. विक्रेत्याला तो आकडा अंदाजाने ठाऊक होता, म्हणूनच भाव कमी होता. दुसरे गृहीतक ‘इतका खर्च झाल्यावर माघार घेता येत नाही’ हे. गेलेले २,०५,००० रुपये तुम्ही पुढे गेलात तरी गेलेले आहेत आणि थांबलात तरी गेलेले आहेत. आजपासून पुढे जो रुपया जाईल त्याच्या बदल्यात काय मिळणार, एवढाच प्रश्न उरतो. विहिरीला पाणी लागत नाही म्हणून आणखी दोन परस खोल जाणारे शेतकरी आपण दोघांनीही पाहिले आहेत. काहींना पाणी लागले, हेही खरे आहे. पण ज्यांनी आधी पाणाड्याला विचारून, कुठे थांबायचे ते ठरवून खोदले, त्यांचे घर उरले.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही प्रश्नच विचारलेला नाही, तिच्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमची सर्वांत मोठी अडचण इंजिनात नसून त्या बॉन्डपेपरवर आहे. बॉन्डवर लिहून घेतल्याने गाडी तुमच्या नावावर होत नाही. मूळ मालक हयात नाहीत. पुतण्या हा कायदेशीर वारस आहे की नाही, मालकांना पत्नी किंवा मुले आहेत का, याविषयी तुमच्या पत्रात एक शब्दही नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने नमुना ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते आणि त्यानंतरच नमुना २९ व ३० वर सह्या होऊन ती तुमच्या नावावर येऊ शकते. नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेच्या कर्जाचा बोजा अजून दिसत असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ वेगळा लागेल. शिवाय खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे तुमच्या गाडीची मुदत २०२१ मध्येच, ती पोत्यांखाली असताना, संपली. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि उशिराबद्दल केंद्रीय नियमांत दरमहा ५०० रुपयांची तरतूद आली; २०२५ मध्ये वीस वर्षांवरील चारचाकीसाठी हे शुल्क १०,००० रुपये करण्यात आले. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, उच्च सुरक्षा क्रमांक पाटी, विमा आणि पीयूसी. हे सारे मिळून रंगाच्या खर्चाइतकी रक्कम होऊ शकते, आणि ते केल्याशिवाय रंगवलेली गाडी तुम्हाला अंगणातच ठेवावी लागेल.

म्हणून या आठवड्यात मिस्त्रीकडे न जाता त्या पुतण्याकडे जा. सोबत एखादे वडीलधारे माणूस न्या. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, मूळ आरसी आणि जुना विमा यांच्या प्रती मागा. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडी क्रमांक टाकून चलन आणि बोजा पाहा. मग संबंधित आरटीओ कार्यालयात खिडकीवर हे सर्व दाखवून नूतनीकरण आणि हस्तांतरण कोणत्या क्रमाने घ्यायचे ते विचारून लिहून घ्या. वारस सही द्यायला तयार नसतील, तर गाडीवर आणखी एक रुपयाही घालू नका आणि दिलेले पैसे परत मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. त्यामुळे हस्तांतरण होण्यात वारसांचेही हित आहे. हे त्यांना शांतपणे समजावून सांगितले तर सहसा माणसे ऐकतात.

आता इंजिन. तुमच्या मिस्त्रीने गाडी दोन मिनिटांत बंद केली, हे त्याने फार चांगले केले. यापुढे मी सांगतो तेवढे होईपर्यंत कोणीही, गंमत म्हणूनसुद्धा, सेल्फ मारू नये. या इंजिनातील टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, तेलाच्या दाबावर चालतात; गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्यांतले तेल उतरते आणि सुरू केल्यावर टिकटिक होते. तेवढ्यावरून इंजिन उघडावे लागेल असा निष्कर्ष काढता येत नाही. लाल दिवा मात्र गंभीर आहे, कारण त्याचा अर्थ तेल वर पोहोचत नाही असा होतो. तेल का पोहोचत नसेल, याचे एक अगदी साधे आणि या इंजिनाच्या बाबतीत जुने माहितीतले कारण आहे. टर्बोच्या उष्णतेने जुने तेल घट्ट होत जाते आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाशी, जिथून पंप तेल ओढतो, तिथली जाळी बुजते.

हे मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे. आमच्या कार्यशाळेत याच जातीचे एक इंजिन मुलांनी आडवे घेतले होते आणि चेंबरचे नट सोडल्यावरही तो सुटेना. हलक्या हाताने ठोकून खाली घेतला तेव्हा त्याच्या तळाला काकवी आटून करपावी तसा काळा थर होता. बोटाएवढ्या नळीच्या टोकाची जाळी हातात घेऊन एका मुलाने उजेडाकडे धरली, तर तिच्यातून पलीकडचे काहीच दिसत नव्हते. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून, दाताच्या ब्रशने घासून दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली तेव्हा खिडकीचे गज दिसले. त्या मुलांनी वर्गातल्या एखाद्या तासात इतके लक्ष दिल्याचे मला आठवत नाही.

तुमच्या गाडीचा क्रमही तसाच असावा. प्रथम टाकीतील सात वर्षांचे पेट्रोल पूर्ण काढा; इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषून घेते, पाणी तळाला बसते आणि नव्याने सेल्फ मारला की तेच पंप आणि इंजेक्टरमध्ये जाते. मग चेंबर उतरवून जाळी साफ करा किंवा ती नळीच नवी घ्या. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, रात्रभर तसेच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडकते का ते हाताला कळते. यासोबतच टायमिंगचा पट्टा बदलायलाच हवा, मीटरवर किलोमीटर कितीही कमी असोत. हे रबर चालून झिजते तसेच पडून राहूनही कडक होते, आणि या इंजिनात पट्टा तुटला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकतात. मग मात्र मिस्त्री म्हणतो ते दीड लाख खरेच लागतील. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून तो, टेन्शनर आणि रोलर एकाच वेळी बदला. मजुरी एकदाच लागते. नवा ऑइल फिल्टर आणि ५डब्ल्यू-४० प्रतीचे पूर्ण सिंथेटिक तेल भरल्यावर, तेलाच्या दिव्याला जोडलेल्या इंजिनावरच्या बटणाच्या जागी हातगेज लावून तेलाचा दाब दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहा. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. चार सिलिंडरांमध्ये ३ बारहून अधिक फरक निघाला नाही आणि तेलाचा दाब नीट आला, तर तुमचे इंजिन उघडण्याची गरज नाही. टर्बोचा रबरी पाइप काढून त्याचा दांडा बोटाने हलवून पाहा. बाजूला किंचित हलला तर चालेल, मागेपुढे हलता कामा नये.

या तपासण्यांना दीड लाख लागत नाहीत, पण दीड लाख घालायचे की नाही, हे त्याच ठरवतात. दाब आलाच नाही, एका सिलिंडरमध्ये दम नाही आणि टर्बोही गेला आहे, अशी तिन्ही उत्तरे वाईट निघाली, तर मी तुम्हाला थांबायला सांगेन. वडिलांनी म्हटल्याप्रमाणे थेट भट्टीत घालण्याआधी एवढे लक्षात ठेवा की, आरएसच्या सीट, बंपर, चाके आणि गिअरबॉक्स यांना दुसरी आरएस जपणारे लोक चांगले पैसे देतात. आणि उरलेला सांगाडा अधिकृत भंगार केंद्रात दिला तर नोंदणी रद्द करण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठीही गाडीचे कागद सरळ असावे लागतात, म्हणून पुन्हा सांगतो, आधी पुतण्याकडे जा.

डिझेल इंजिन बसवण्याचा विचार सोडून द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आरसीवरचा इंजिन क्रमांक जुळणार नाही, वायरिंग आणि कॉम्प्युटर वेगळा, आणि एवढे करून जी गाडी तयार होईल ती तुम्ही शाळेत असताना पाहिलेली नसेल.

इंजिन बरे निघाले तरी त्याच्या आधी ब्रेक येतात, आणि याबाबत मला कसलीही तडजोड मान्य नाही. ब्रेकचे तेल ओलावा शोषते, ते एरवीही दोन वर्षांनी बदलायचे असते. तुमचे सात वर्षांहून जुने आहे. चारही रबरी नळ्या नव्या घ्या, मागचे कॅलिपर जाम झालेले असण्याची शक्यता मोठी आहे, हँडब्रेकची तार तपासा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख कोरलेली असते, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘१८१४’ दिसले तर ते टायर २०१४ च्या अठराव्या आठवड्यातले आहेत. खाचा कितीही खोल असल्या तरी अशा टायरवर समृद्धी महामार्गावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ही गाडी त्या प्रमाणाचा विचार करून घडवलेली नाही. पऱ्हाट्यांच्या सोबतीत राहिलेल्या गाडीचे वायरिंग उंदरांनी सोडले असेल असे मला वाटत नाही. डॅशबोर्डखाली आणि इंजिनामागे टॉर्च घेऊन स्वतः पाहा.

मराठवाड्यापुरते वेगळे सांगण्यासारखे एक म्हणजे पाणी. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय आहे. त्या पाण्यातले क्षार आतून चुन्यासारखे बसतात, मग एप्रिल-मेमध्ये गाडी तापते, मग कोणीतरी सल्ला देतो की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचे तापमान राखणारी झडप, काढून टाका. तो काढल्याने गाडी काही दिवस तापत नाही, पण इंजिन नेहमीच थंड चालते आणि ज्या काळ्या थराबद्दल वर लिहिले तो आणखी लवकर साठतो. नवा थर्मोस्टॅट, धुतलेला किंवा नवा रेडिएटर, आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मे कूलंट. या कंपनीच्या गुलाबी कूलंटमध्ये हिरवे मिसळू नका. दोन्ही मिळून तपकिरी गाळ होतो.

सुटे भाग मिळत नाहीत ही तुमची भीती अर्धीच खरी आहे. हे इंजिन स्कोडाच्या फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत होते. दुकानात गाडीचे नाव सांगू नका, जुन्या भागावर कोरलेला क्रमांक दाखवा. आडव्या बसवलेल्या या इंजिनाचे बरेच भाग ‘०६ए’ ने सुरू होतात; ‘०६बी’ ने सुरू होणारे भाग उभ्या बसवलेल्या इंजिनाचे असतात, दिसायला भाऊ-भाऊ पण बसणार नाहीत. मुंबईत कुर्ल्याला जुने भाग मिळतात, मात्र पट्टा, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या कधीही जुन्या घेऊ नका. खरादाचे किंवा टर्बोचे काम असेल तर तुम्ही वाळूज-चिकलठाण्याच्या परिसरातच आहात. इतके कुशल हात मराठवाड्यात दुसरीकडे एकत्र सापडणार नाहीत.

रंग या सगळ्याच्या शेवटी येतो. गावात लोक हसतात म्हणून तुम्हाला तो आधी हवा आहे, असे मला तुमच्या पत्राच्या ओळींमधून जाणवले. रंगवलेल्या बोनेटवर वाकून मिस्त्री सहा महिने काम करणार, पान्याचा एक ओरखडा आणि ब्रेक तेलाचा एक थेंब पुरेसा आहे. ब्रेकचे तेल रंग उचलते. तो १०,००० रुपयांचा विसार परत मागा. पूर्ण परत मिळाला नाही तरी जे मिळेल ते घ्या आणि टायमिंगच्या पट्ट्यासाठी ठेवा.

आता घर. पत्नीला तुम्ही ८०,००० सांगितले आहेत आणि प्रत्यक्षात २,०५,००० गेले आहेत, त्यांतले एक लाख कर्जाचे. सातव्या महिन्यात असलेल्या माणसाला हा आकडा कसा सांगायचा, म्हणून तुम्ही थांबला असाल. पण पतसंस्थेचा हप्ता पगारातून जाऊ लागला की तो आकडा स्वतःच घरी येईल, आणि तो तुमच्या तोंडून आलेला बरा. सर्व पावत्या एका वहीत उतरवा, वही त्यांच्यासमोर ठेवा आणि बाळंतपणाची रक्कम बाजूला काढल्यावर गाडीसाठी दरमहा किती देता येईल, हे दोघांनी मिळून ठरवा. कदाचित तो आकडा दोन हजार निघेल. मग गाडीला दोन-तीन वर्षे लागतील. लागू द्या, तिला कुठे जायचे आहे? नवे कर्ज मात्र या गाडीसाठी घेऊ नका.

बाळाला याच गाडीतून घरी आणण्याची इच्छा मी समजू शकतो, आणि तरीही ती सोडा असेच सांगतो. तारीख ठरली की माणूस ब्रेकच्या नळ्या ‘पुढच्या महिन्यात बदलू’ म्हणतो. बाळ रुग्णालयातून चांगल्या, चालत्या, विमा असलेल्या कोणत्याही गाडीतून येऊ द्या.

वडिलांना गाडीचे कळत नाही, असे तुम्ही लिहिले नाही, पण त्यांचा सल्ला तुम्ही रागाने उद्धृत केला आहे. ज्या माणसाने यार्डात रोज नव्या गाड्या पाहिल्या आणि एकही विकत घेता आली नाही, त्याला मुलाने त्यातलीच मोडकी गाडी कर्ज काढून आणलेली पाहताना काय वाटत असेल, याचा विचार करा. भट्टीत घाल हे त्यांचे बोलणे मला गाडीपेक्षा हप्त्यांबद्दलचे वाटते. पुतण्याकडे जाताना सोबत न्यायचे वडीलधारे माणूस तेच असू द्या. आणि ज्या दिवशी चेंबर उतरवाल, त्या दिवशी मिस्त्रीला सांगा की, वडील येईपर्यंत नट सोडू नकोस. जाळी त्यांच्या हातात द्या, त्यांनाच उजेडाकडे धरू द्या. तिच्यातून काय दिसले, तेलाचा दाब किती आला आणि वारसांनी सही केली का, हे मला अवश्य कळवा. पुढचे त्यावर बोलू.